साळुंकीपासून गुलाबी कबुतरापर्यंत



शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील एक संध्याकाळ प्रवासासाठी राखून ठेवली गेली, तेव्हा श्रोत्यांची अपेक्षा बहुधा हिमालयाची किंवा युरोपची असावी. आजचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. एक बेट, भाड्याने घेतलेली एक लहानशी मोटार, पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस आणि त्या दिवसात दिसलेले व न दिसलेले पक्षी, एवढाच त्याचा पसारा. बेट मॉरिशसचे. आपल्या वडोदरा जिल्ह्याहूनही क्षेत्रफळाने लहान. तिथे लोक जातात ते निळ्या पाण्यासाठी आणि पांढऱ्या वाळूसाठी. पक्षी पाहायला कोणी जात असेल असे ऐकणाऱ्याच्या सहसा मनातही येत नाही.

या हकिकतीतले दांपत्य याच शहरातले आहे. गृहस्थ पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी मराठी शाळेत शिकवत होत्या, त्यामुळे शहरात त्यांना अजूनही सगळे 'बाई' म्हणूनच ओळखतात. पक्षी पाहण्याचा छंद मूळचा बाईंचा. गृहस्थ त्यात ओढले गेले ते वढवाणा तलावामुळे. गायकवाडी राजवटीत सिंचनासाठी बांधलेला हा तलाव पाहायला ते खात्याच्या कामाने जात असत. हिवाळ्यात तिथे हजारोंनी बदके आणि हंस उतरतात, हे बाईंनी दाखवून देईपर्यंत त्यांनी पाण्याच्या पातळीपलीकडे काही पाहिले नव्हते. पुढे २०२१ साली वढवाण्याची नोंद रामसर पाणथळांच्या यादीत झाली, तेव्हा जणू आपलीच बढती झाल्याच्या थाटात त्यांनी पेढे वाटले होते.

अभियंत्याची शिस्त त्यांनी छंदातही आणली. त्यांच्या वहीत ज्या पक्ष्याबद्दल शंका नाही तो शाईने लिहिला जातो, शंका असेल तो पेन्सिलीने. पिंजऱ्यातला, पाळलेला, कोणी आणून सोडलेला पक्षी वहीत येतच नाही. 'जो आपल्या बळावर जगतो तोच पक्षी' हे त्यांचे सूत्र. हेच सूत्र त्यांनी ग्रंथालयाच्या बैठकीतही एकदा मांडले होते. बालविभागात मराठी पुस्तके नेणारी मुले आता किती उरली? आग्रह करून, गोष्टीचा तास ठेवून, खाऊ देऊन जी येतात तीच. असा विभाग किती दिवस हाताला धरून चालवायचा, हा त्यांचा प्रश्न होता. गृहस्थ आज या सभागृहात आहेत किंवा नाहीत, हे सांगण्याचे कारण नाही. हकिकत सांगण्यास त्यांची परवानगी मात्र आहे.

२०२३ च्या नोव्हेंबरात लेकीने आणि जावयाने दोघांना आठ दिवसांसाठी मॉरिशसला नेले. पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक-आँ-फ्लाक गावी मुक्काम होता. चार दिवस समुद्र पाहून झाल्यावर बाईंनी जाहीर केले की, एक दिवस त्यांचा. जावयाने गाडी ठरवून दिली. चालक नको, हा गृहस्थांचा हट्ट. मॉरिशसला गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, ही ब्रिटिश राजवटीची देणगी. भाषेत आणि गावांच्या नावांत मात्र फ्रेंचच टिकून राहिले. तेव्हा रस्ता ओळखीचा आणि पाट्या अनोळखी, अशा अवस्थेत पहाटे साडेचारला गाडी निघाली.

उजाडू लागले तेव्हा दुतर्फा ऊस होता. तोडणीचा हंगाम चालू असल्याने उसाने भरलेल्या मोठाल्या मालमोटारी पहाटेच रस्त्यावर आल्या होत्या. तारांवर पक्षी बसलेले दिसताच बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि लगेच खाली घेतली. साळुंकी. पुढच्या तारेवर शिपाई बुलबुल, शेंडी उभारून. त्यापुढे ठिपकेवाला होला, चिमण्या, आणि एका झाडावरून ओरडत गेलेला आपला नेहमीचा कंठवाला पोपट.

"अहो, वडोदऱ्यातून निघालो तरी का आपण?" बाई म्हणाल्या.

यांतला एकही पक्षी तिथला नाही. साळुंकी फ्रेंचांनी १७६२ च्या सुमारास हिंदुस्थानातून नेली, पिकांवर पडणाऱ्या टोळांचा बंदोबस्त करावा म्हणून. एका देशातला प्राणी दुसऱ्या देशात मुद्दाम नेऊन किडीवर सोडण्याचे जगातले ते एक आरंभीचे उदाहरण मानले जाते. शिपाई बुलबुल १८९२ मध्ये आला. त्या साली बेटावर मोठे चक्रीवादळ झाले, त्यात पिंजरा मोडून तो सुटला अशी हकिकत सांगतात. कंठवाला पोपट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे पोहोचला. आणि माणसे? मॉरिशसला मूळचा असा मनुष्यच नाही. १५९८ मध्ये डचांनी बेटाला नाव दिले, १६३८ मध्ये वस्ती केली, १७१० मध्ये सोडून दिली. मग फ्रेंच, मग १८१० पासून ब्रिटिश. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणले गेले, साडेचार लाखांहून अधिक. ते ज्या धक्क्यावर उतरत त्या आप्रवासी घाटाला २००६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत कोकणातले मराठी लोक बरेच होते. तेव्हा त्या बेटावर मूळचा कोण आणि उपरा कोण, हा प्रश्न पक्ष्यांबाबत विचारता येतो. माणसांबाबत विचारायची सोय नाही.

बेटाचे म्हणून जे पक्षी आज उरले आहेत ते हाताच्या दहा बोटांवर मोजता येतील, आणि त्यांतले बहुतेक नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ भागात. काळ्या नदीच्या दऱ्यांचे राष्ट्रीय उद्यान १९९४ साली घोषित झाले. त्याच्या पायथ्याशी, नदीच्या मुखाकडून आत जाणाऱ्या रस्त्यावर, गाडी थांबली तेव्हा नुकताच सूर्य उगवला होता. समोर कातळाचे उंच कडे. त्यांच्या अंगाने दोन पांढरेशुभ्र समुद्रपक्षी तरंगत होते. त्यांच्या शेपटीतून निघालेली दोन लांब पिसे वाऱ्यावर वळत होती. तिथले लोक त्याला 'पाय-आँ-क' म्हणतात, म्हणजे शेपटीत काडी असलेला. मॉरिशसच्या विमानांच्या शेपटीवर तोच रंगवलेला असतो.

गृहस्थांना मात्र हवा होता तो छोटा ससाणा. आपल्याकडच्या खरूचीचा हा मॉरिशसमधला भाऊबंद. पंख आखूड व गोलसर, कारण त्याला उघड्या माळावर घिरट्या घालायच्या नसून दाट झाडीतून वळणे घेत पाली पकडायच्या असतात. या ससाण्याची कथा पक्ष्यांच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. जंगल तोडले गेले. मुंगूस, माकड, मांजर, उंदीर माणसाबरोबर आले. १९४०-५० च्या दशकांत हिवताप हटवण्यासाठी डीडीटीची फवारणी झाली. कोंबडीची पिले पळवतो या समजुतीने लोक त्याला मारत; त्याचे जुने स्थानिक नावच 'कोंबडीखाऊ' अशा अर्थाचे आहे. १९७४ साली जगात असे चार ससाणे उरल्याचे ठाऊक होते. त्यांत अंडी घालणारी मादी एकच.

त्या वर्षी एका जोडीने झाडातली ढोली सोडून सरळसोट कड्यातल्या कपारीत घरटे केले. माकडांना तिथे पोहोचता आले नाही आणि पिले वाचली. परंतु एवढ्याने जात तरत नसते. १९७९ साली नॉर्मन मायर्स या पर्यावरण-अभ्यासकाने आपल्या पुस्तकात असे सुचवले की, या ससाण्याला त्याच्या नशिबावर सोडावे आणि त्याच्यावर होणारा खर्च वाचण्याची अधिक आशा असलेल्या जातींवर करावा. विचार तर्काला सोडून नव्हता. त्याच वर्षी कार्ल जोन्स हा वेल्समधला तरुण जीवशास्त्रज्ञ मॉरिशसला आला. प्रकल्प आवरता घ्यायचा, याच सूचनेने त्याला धाडले होते. त्याने तो आवरला नाही.

त्याने जे केले त्यात कुशलता होती, पण त्याहून अधिक होती ती चिकाटी. मादीने पहिली अंडी घातली की ती काढून घ्यायची; मादी पुन्हा घालते. काढलेली अंडी यंत्रात उबवायची, पिले हाताने भरवायची, मोठी झाली की जंगलात पेटी ठेवून तिथून सोडायची आणि ती स्वतः शिकार करू लागेपर्यंत रोज त्या पेटीवर खाद्य ठेवायचे. जंगलात उरलेल्या जोड्यांनाही खाद्य द्यायचे, लाकडी घरटी बांधायची, भोवतालचे मुंगूस पकडायचे. १९९४ पर्यंत तीनशेहून अधिक ससाणे असे मोकळे सोडले गेले. मग सोडणे थांबले. पक्षी आता आपल्या पायांवर उभा राहिला असे मानले गेले.

"म्हणजे हा शाईने लिहिता येईल," गृहस्थ म्हणाले होते. निघण्यापूर्वीच त्यांनी हे सारे वाचून ठेवले होते. लहानपणी आधार मिळालेला, पण आता स्वतंत्र.

दोन तास ते दोघे कड्याखाली उभे होते. चष्मेवाल्या पक्ष्यांचे राखाडी थवे चिवचिवाट करत पायांशी आले. हा एक मूळ रहिवासी असा की, त्याला माणसाच्या बागाही मानवल्या. कड्यावर पाय-आँ-क ये-जा करत राहिले. ससाणा आला नाही. एकदा एका फांदीवर काही तपकिरी दिसले, तो होला निघाला. जवळून जाणाऱ्या वनखात्याच्या एका कर्मचाऱ्याला गृहस्थांनी इंग्रजीत विचारले. तो हसला. पूर्वी या बाजूला अधिक दिसत असत, म्हणाला. आता नशीब लागते.

वाचलेल्या हकिकतीचा पुढचा भाग बाईंना ठाऊक होता, पण त्या कड्याखाली त्यांनी तो काढला नाही. पक्षी बराचसा स्वतःवर सोडल्यानंतर काही वर्षांनी त्याची संख्या पुन्हा उतरू लागली. जंगलात चांगल्या ढोल्या उरल्या नव्हत्या, मुंगूस होतेच. २०१४ साली त्याला पुन्हा वरच्या धोक्याच्या यादीत घालावे लागले. बाईंनी हे गाडीत बसल्यावर सांगितले. गृहस्थांनी चावी फिरवली आणि काही बोलले नाहीत.

पार्किंगजवळच्या झाडीतून मात्र दोन हिरवे पोपट उडाले. आवाज कंठवाल्याहून खालच्या पट्टीतला, शेपटी आखूड, रंग गडद. नराची चोच लाल, मादीची काळी. हा मॉरिशसचा स्वतःचा पोपट, आपल्या कंठवाल्याचा जवळचा नातलग. १९८० च्या दशकात तो जेमतेम डझनभर उरला होता. आज सातशेच्या वर आहेत. ढोल्यांसाठी त्याची भांडणे होतात ती आपल्याकडून गेलेल्या कंठवाल्याशीच. यांच्यासाठी उंच झाडांवर लाकडी पेट्या टांगलेल्या असतात आणि जंगलात खाद्याचे डबे. पोपट गेले त्या दिशेला असा एक डबा दिसतही होता. गृहस्थांनी वही काढली, डब्याकडे पाहिले आणि पेन्सिल शोधली.

तेथून रस्ता समुद्राच्या कडेने दक्षिणेला जाऊन शामारेलच्या घाटात चढतो. चढ असा की, पहिल्या दातातच बराच वेळ गेला. वर पठारावर धुके आणि बारीक पाऊस. दऱ्या दिसाव्यात म्हणून बांधलेल्या सज्जावर पोहोचले तर समोर पांढरा पडदा. हवामानाची तक्रार करण्यात अर्थ नव्हता, कारण हा पाऊस पडतो म्हणूनच तिथे काही रान उरले आहे. बेटावर मूळचे चांगले जंगल आज दोनेक टक्केच आहे असे सांगतात. डचांनी काळ्या लाकडासाठी आबनूस तोडला आणि नंतर उसाने उरलेली जमीन घेतली. राष्ट्रीय उद्यानाच्या आतही रस्त्याकडेला दाटीवाटीने उभे असते ते बाहेरून आलेल्या लाल पेरूचे झुडूप. दिसायला हिरवेगार, फळे गोड, सहलीला आलेली मंडळी पिशव्या भरभरून नेतात, आणि त्याच्याखाली मूळ झाडाचे रोप उगवू शकत नाही. जंगल वाचवायचे तर तिथे माणसांना वर्षानुवर्षे पेरू उपटत बसावे लागते. उंच कुंपण घालून, आतले झुडूप काढून राखलेले असे रानाचे तुकडे रस्त्यावरून दिसतात. पुरेशी माणसे मिळाली नाहीत तर दोन पावसाळ्यांत पेरू परत.

अशाच एका तुकड्याच्या कडेला मॉरिशसचा मूळ बुलबुल दिसला. शिपाई बुलबुलाहून मोठा, राखाडी, चोच नारिंगी. ओल्या फांदीवर अंग झटकत बसलेला. त्याला कोणी खाऊ घालत नाही. तो शाईने लिहिला गेला.

पठारावरून पुढे गंगा तलाव लागतो. ज्वालामुखीच्या विवरात साठलेले ते पाणी, महाशिवरात्रीला लाखो लोक तिथे पायी जातात. तलावाच्या वाटेवर २००७ साली उभारलेली शंकराची एकशे आठ फुटी मूर्ती धुक्यातून एकदम समोर आली आणि गृहस्थांनी गाडी रस्त्याच्या कडेलाच उभी केली. तोच उभा पवित्रा, तोच हात, तोच त्रिशूळ.

"अगं, हा तर आपला सूरसागरचा!"

खरोखरच ती मूर्ती वडोदऱ्याच्या सूरसागर तलावातल्या मूर्तीवरून घडवलेली आहे. पाचेक हजार किलोमीटर लांब येऊन आपल्या गल्लीतला माणूस भेटावा तसे दोघे थोडा वेळ पाहत राहिले. पायथ्याशी साळुंक्या होत्याच.

डोंगर उतरून उसाच्या सपाटीवर आल्यावर एका गावातल्या हातगाडीपाशी जेवणासाठी गाडी थांबली. मॉरिशसला रस्त्यावर सर्वत्र मिळणारी वस्तू म्हणजे दालपुरी. पातळ, मऊ, आत वाटलेली डाळ. पुरणपोळीतला गूळ काढून घ्यावा तशी. दोन एकदम देतात, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ आणि तिखट चटणी भरून. गाडीवाले वयस्क गृहस्थ क्रेओलमध्ये बोलत होते. ही दोघे आपसांत बोलताना त्यांनी कान दिला आणि मग छातीवर हात ठेवून एकच शब्द उच्चारला, "मराठी."

पुढे संभाषण हिंदी चित्रपटांतून आलेल्या हिंदीत झाले. त्यांच्या आजीला मराठी येत असे. घरी आता क्रेओल. आडनाव म्हणून जे लावतात ते पणजोबांचे नाव, शेवटी 'जी' जोडलेले. गणपती मात्र घरी बसतो. गणेश चतुर्थीची मॉरिशसला सार्वजनिक सुट्टी असते. आरती पाठ आहे, अर्थ विचारू नका, असे ते हसून म्हणाले. मग त्यांनी मागे बसलेल्या नातीला हाक मारली. आठ-नऊ वर्षांची असेल. ती शाळेत मराठी शिकते. तिथल्या शाळांतून तो विषय घेता येतो.

बाईंमधली शिक्षिका जागी झाली. पक्ष्यांचे मराठी पुस्तक त्यांच्या हातात होतेच, त्यांनी पान उघडून पुढे धरले. मुलीने बोट ठेवून एकेक अक्षर लावले. सा. ळुं. की. 'ळ' पाशी जरा अडली, मग आलाच. वाचले, पण म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हते. बाईंनी समोरच्या तारेकडे बोट दाखवले.

"मार्तें!" मुलगी म्हणाली. साळुंकीला तिकडे तेच नाव आहे.

"हो, बाळ. मार्तें म्हणजे साळुंकी."

आजोबांनी दालपुरीचे पैसे घेतले नाहीत. गृहस्थांनी बराच आग्रह केला. शेवटी बाईंनी ते पुस्तक मुलीला देऊन टाकले आणि उरलेला दिवस पुस्तकावाचून काढला. हे करण्यापूर्वी त्यांनी विचारले नाही, याची गृहस्थांनी नंतर नोंद घेतली.

पुढचा टप्पा आग्नेय किनाऱ्याचा. विमानतळाच्या जवळून रस्ता जातो तिथे शेतांआड मार-ओ-साँज नावाची दलदल आहे. सृष्टीतून नाहीशा झालेल्या प्राण्यांचा विषय निघाला की पहिले नाव निघते ते डोडोचे. हा न उडणारा, कबुतराच्या कुळातला मोठा पक्षी फक्त याच बेटावर होता, आणि १६६२ नंतर तो दिसल्याची खात्रीची नोंद नाही. दोनशे वर्षांनी लोकांना तो खरोखर होता की दर्यावर्दींची थाप, अशी शंका येऊ लागली होती. १८६५ साली रेल्वेचे काम चालू असताना हिगिन्सन नावाच्या अभियंत्याला या दलदलीत माती काढणारे कुली हाडांचे ढीग बाजूला रचताना दिसले. त्याने ही गोष्ट माहेबूरचे शाळामास्तर जॉर्ज क्लार्क यांच्या कानावर घातली. क्लार्कने मग कुलींना दलदलीच्या मध्यावर उतरवले. कंबरभर चिखलात अनवाणी पायांनी चाचपडत त्यांनी डोडोची हाडे वर काढली. आज युरोपातल्या संग्रहालयांत जे सांगाडे उभे आहेत त्यांतले कितीतरी त्याच चिखलातले. क्लार्कचे नाव ग्रंथांत आहे. ज्यांच्या तळपायांना ती हाडे प्रथम लागली त्यांतल्या एकाचेही नाही. त्या काळी बेटावरचा मजूर म्हणजे बहुतांशी हिंदी मजूर, एवढेच सांगता येते.

"अभियंत्याचंही आहे ना नाव?" बाईंनी विचारले.

"आहे," गृहस्थ म्हणाले. "त्याने निदान पाहिलं तरी."

प्वांत जेरोमच्या धक्क्यावरून होडीने काही मिनिटांत ईल-ओ-एग्रेत या छोट्या बेटावर जाता येते. सव्वीस हेक्टरांचा हा प्रवाळी खडक १९६५ पासून राखीव आहे. सोबत वाटाड्या असल्याशिवाय पाऊल ठेवू देत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तिथे तोफा बसवल्या होत्या, त्यांचे चौथरे अजून आहेत. त्यानंतर उंदीर आणि मांजरे काढून टाकण्यात आली, परकी झुडपे उपटली गेली, आबनुसाची रोपे लावली गेली. मॉरिशसचे मूळचे कासव नाहीसे झाले, म्हणून त्याची जागा घ्यायला अल्दाब्राची अजस्र कासवे आणून सोडली आहेत. फळे खाऊन बिया पसरवण्याचे काम ती करतात. घाई त्यांना ठाऊक नाही, त्यामुळे पायवाटेवर एक आडवे आले तेव्हा सारी मंडळी थांबली.

तिथे गुलाबी कबुतर दिसले. फिकट गुलाबी अंग, तपकिरी पंख, गंजक्या रंगाची शेपटी; आठ-दहा फुटांवरच्या फांदीवर निवांत बसलेले. पायांत रंगीत कडी. मॉरिशसचे निळे कबुतर एकोणिसाव्या शतकात संपले, डोडो त्याआधीच. हे उरले, पण १९९० च्या सुमारास रानात अशी दहाच कबुतरे होती. आज चारशेच्या वर आहेत. २०१८ साली त्यांना धोक्याच्या यादीत एक पायरी खाली आणता आले. मात्र दहांपासून वाढवलेल्या कुळाचे रक्त पातळ झालेले असते. जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांचे म्हणणे असे की, युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत सांभाळलेल्या कबुतरांचे रक्त यांच्यात मिसळत राहिले नाही, तर शंभर वर्षांच्या आत जात संपू शकते. आणि रोजचे दाणे आहेतच. झाडीत एक डबा टांगलेला होता. कबुतर उतरले, त्यावर बसले, टिपू लागले.

गृहस्थांनी वाटाड्या तरुणीला सरळ विचारले, "हे दाणे देणे केव्हा थांबवणार?"

ती क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली. बहुधा प्रश्न तिला कळला नसावा, किंवा नेहमीचाच असावा. फळे देणारे रान परत उभे राहील तेव्हा, ती म्हणाली; आबनूस फार हळू वाढतो. आणि मग तिने समुद्राकडे हात केला. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे मोठे मालवाहू जहाज तिथल्या प्रवाळावर चढले होते. ऑगस्टमध्ये त्यातून हजारेक टन तेल सांडले, तेही याच किनाऱ्यावर. गावोगावच्या लोकांनी उसाची वाळलेली पाने पोत्यांत भरून, शिवून, त्यांचे तरंगते बांध केले. बायकांनी कापलेले केस दिले. ईल-ओ-एग्रेतवरचे चष्मेवाले आणि लालडोके विणकर, जे जगात इथेच आहेत, त्यांतले काही पकडून मोठ्या बेटावर हलवले गेले. रोपवाटिकेतली रोपेही होडीतून नेली. आता सारे पुन्हा बसवायचे काम चालले आहे, असे ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.

वाटेच्या वळणावर काशाचा एक डोडो उभा केलेला आहे, खऱ्या आकाराचा. मंडळी त्याच्याशेजारी उभी राहून छायाचित्रे काढत होती. त्याच्यामागच्या झुडपात साखरपाण्याची एक छोटी बाटली टांगलेली होती आणि तिच्यावर मॉरिशसचा पिवळसर-हिरवा चष्मेवाला उलटा लोंबकळत पीत होता. मोठ्या बेटावर याच्या थोड्याच जोड्या उरल्या आहेत. त्याच्याकडे बाईंखेरीज कोणाचे लक्ष नव्हते.

परतीला अंधार पडला. महामार्गावरची वर्तुळे चुकवताना दोनदा गाडी भलत्याच गावाकडे गेली. दिवसभरात दीडशे किलोमीटरच्या आसपास फिरणे झाले होते. मुक्कामी पोहोचल्यावर गाडीच्या पायपुसण्यांवर ओला चिखल आणि पेरूची पाने होती, ती गृहस्थांनी स्वतः झटकून साफ केली, मग टाकी भरून आणली. भाड्याची वस्तू घेतली तशी परत द्यावी, हेही त्यांचे एक सूत्र आहे.

रात्री त्यांनी वही उघडली. पाय-आँ-क, राखाडी चष्मेवाला, मूळ बुलबुल, हे शाईने. ससाण्यासाठी सोडलेली ओळ कोरी. लालडोका विणकर होडीत बसताना ओझरता दिसला होता, तो पेन्सिलीने, आणि पोपटही.

"अहो, कबुतराचं काय केलंत?" बाईंनी पलंगावरून विचारले.

वही त्यांनी पुढे केली. कबुतर होते, पेन्सिलीने, पण शेजारी पायांतल्या कड्यांचे रंग क्रमाने लिहिलेले. डाव्या पायाचा खालचा रंग बाईंच्या आठवणीप्रमाणे वेगळा होता. त्यावर त्यांचा बराच वेळ वाद झाला.